टाकी आज आणा, मासे महिन्याने आणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घर सजवायच्या पानावर काचेच्या गोल बाऊलचा फोटो आला होता, आत एक लाल गोल्डफिश आणि खाली लिहिलेलं की कमी जागेत, कमी देखभालीत घराला जिवंतपणा येतो. ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. तो बाऊल फार तर चार लिटरचा असेल. गोल्डफिश नीट वाढला तर वीतभर होतो आणि दहा-पंधरा वर्षं सहज जगतो, पण अशा बाऊलमध्ये बऱ्याचदा महिनासुद्धा काढत नाही आणि मग घरातले म्हणतात की आम्हाला मासे लाभत नाहीत. आमच्या सोसायटीत तीन घरांतून हेच ऐकलंय, तिन्ही घरांत टाकी आता माळ्यावर आहे. लाभण्या-न लाभण्याचा काही संबंध नाहीये, सुरुवात चुकते, आणि जवळपास सगळ्यांची एकाच ठिकाणी चुकते. माझीही तिथेच चुकली.

चार वर्षांपूर्वी मुलीच्या सातव्या वाढदिवसाला दोन फुटी टाकी आणली, दोन बाय एक बाय एक, म्हणजे साधारण ५५ लिटर पाणी. त्याच दुकानातून त्याच दिवशी बारा मासे, चार गोल्डफिश, दोन एंजल, चार निऑन टेट्रा, एक सकर आणि एक छोटा "शार्क". दुकानदाराला विचारलं आजच नेऊ का, तर म्हणाला बिनधास्त न्या, पाणी भरा, हे निळं औषध चार थेंब, हे अँटीक्लोर चार थेंब, अर्ध्या तासाने सोडा. सोडले. वाढदिवसाला आलेली सगळी पोरं केक सोडून टाकीसमोर बसली होती.

चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला फर्स्ट शिफ्टला जायला उठलो, हॉलचा लाईट लावला तर सगळे मासे वर येऊन पाण्याला तोंडं लावून उभे, तोंड उघडतायत मिटतायत, एक एंजल आडवा पडलेला, कल्ले लालभडक, आणि पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं. फिल्टर चालू होता, बुडबुडे चालू होते, मग यांना हवा कमी कशी पडतेय तेच कळेना. घाबरून मी सगळी टाकी रिकामी केली, खडी नळाखाली खळखळून धुतली, फिल्टरचा स्पंज तर साबण लावून धुतला आणि सकाळी नुकतंच आलेलं नळाचं पाणी तसंच भरलं. संध्याकाळपर्यंत पाच गेले. अकरा दिवसांत एक गोल्डफिश सोडून सगळे गेले. मुलीने एकेक मासा जास्वंदीच्या कुंडीत पुरला, शेवटी शेवटी ती त्या कुंडीजवळ जायचीच नाही.

मला जास्त लागलं ते याचं की मी अंबड एमआयडीसीत एका कंपनीच्या एसटीपीवर काम करतो, सांडपाणी शुद्ध करणं हेच माझं रोजचं काम. नवा प्लांट चालू करताना आम्ही पहिल्याच दिवशी सगळं सांडपाणी आत सोडत नाही. जुन्या चालू प्लांटमधून टँकरने स्लज, म्हणजे जंतूंनी भरलेला गाळ आणतो, नाहीतर शेण कालवून टाकतो, पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर चालू ठेवतो आणि थोडं थोडं पाणी वाढवत नेतो, कारण घाण खाणारे जंतू तयार व्हायला वेळ लागतो. फिशटँकमध्ये अगदी हेच होतं. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो, शिवाय विष्ठा आणि उरलेला खाऊ सडून अमोनियाच होतो. एक जातीचे जंतू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया कल्ले जाळतो. नायट्राइट रक्तात शिरला की रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही, चॉकलेटी पडतं, म्हणून बुडबुडे चालू असले तरी मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य, आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं.

आता हे जंतू नव्या टाकीत नसतातच म्हटलं तरी चालेल. ते स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून वाढतात आणि फार सावकाश वाढतात. दुसरे साधे जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात, यांना चांगल्या परिस्थितीतसुद्धा दिवसभर लागू शकतो. म्हणून टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. टाकी आणि मासे एकाच दिवशी आणले की तोवर सगळा अमोनिया माशांच्या अंगावर. मी स्पंज साबणाने धुऊन जे काही चार दिवसांत आले असतील तेही मारले, वर क्लोरीनचं पाणी ओतलं.

करायचं काय ते सोपं आहे, फक्त दम धरायला लागतो. टाकी मांडा, पाणी भरा, क्लोरीन काढा, फिल्टर चालू करा आणि मासा न आणता रोज चिमूटभर माशांचा खाऊ टाका, तो सडून अमोनिया होऊ दे. ओळखीत कुणाची निरोगी जुनी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा, तो ओलाच आणायचा आणि लगेच आपल्या फिल्टरमध्ये ठेवायचा, वेळ बराच कमी होतो. अमोनिया आणि नायट्राइटचं टेस्ट किट घ्या. माझ्याकडच्या अमोनियाच्या किटमध्ये परीक्षानळीत थेंब टाकले की पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं व्हायला लागलं तर अमोनिया आहे. आधी तो हिरवा रंग गडद होत जातो, मग फिका होतो, तोवर नायट्राइट चढलेला असतो, मग तोही उतरतो. दोन्ही शून्यावर येऊन आठवडाभर टिकले की मासे आणा, तेही एकदम बारा नाही, तीन-चार आणा आणि दोन आठवडे थांबा.

क्लोरीनचं म्हणाल तर नळाचं पाणी बादलीत चोवीस तास उघडं ठेवलं की साधा क्लोरीन उडून जातो, घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानात अँटीक्लोर म्हणून मिळतं तेच. पण ते निळं औषध रोगावरचं आहे, मेथिलीन ब्लू, ते फिल्टरमधल्या जंतूंनाही मारतं, निरोगी टाकीत उगाच टाकू नका. आणि पिण्याच्या आरओचं नुसतं पाणीही नको, त्यात क्षार फारच कमी असतात.

फिल्टर रात्री बंद करणं ही आपल्याकडची खास सवय, आवाज येतो म्हणून, बिल येतं म्हणून. पाच वॅटचा फिल्टर महिनाभर चोवीस तास चालला तरी चार युनिटसुद्धा जळत नाहीत. आमच्या प्लांटवर ब्लोअर काही तास बंद पडला तर वास येऊन शेजारच्या कंपनीचा फोन येतो. त्या जंतूंना ऑक्सिजन लागतो, हवा बंद झाली की ते मरायला लागतात. स्पंज धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळा, नळाखाली नको. आणि पाणी कधीच सगळं बदलायचं नाही, आठवड्याला पाव टाकी पुरे.

खाऊबद्दल बोलायला हवं कारण घरात हात अनेक असतात. आमच्याकडे सकाळी मी टाकायचो, शाळेतून आल्यावर मुलगी, संध्याकाळी आई पोळीचा बारीक चुरा टाकायची, तिच्या मनात तर मुक्या जिवाला घास घालायचा भाव, तिला काय म्हणणार. गोल्डफिशला तर वेगळं पोटच नसतं, अन्न थेट आतड्यात जातं, तो कायम भुकेल्यासारखाच दिसतो. दोन मिनिटांत संपेल तेवढंच द्यायचं. आता आम्ही एका छोट्या डबीत दिवसाचा खाऊ काढून ठेवतो, डबी रिकामी म्हणजे आजचं झालं, आईसुद्धा आता आधी डबी बघते.

माशांची निवड तर दुकानदाराच्या हातात असते आणि तिथे मला खरंच राग येतो. गोल्डफिश थंड पाण्याचा, एंजल आणि टेट्रा पंचवीस-सव्वीस डिग्रीचे, हे एका टाकीत द्यायचेच कशाला? आमच्याकडे नाशिकला थंडीत पारा दहाच्या खाली जातो, हीटर नसेल तर टेट्रा तग धरत नाही. (हीटर पाण्याबाहेर काढायच्या आधी प्लग काढा आणि थोडा वेळ थांबा, गरम काच हवेत आली की तडकते. टाकीत हात घालतानाही प्लग काढलेलाच बरा.) तो छोटा "शार्क" म्हणजे पंगास, हॉटेलात आणि मॉलमध्ये बासा म्हणून आपण जो खातो तो बहुतेक हाच, मोठा झाला की मीटरभराच्या वर जातो. सकर "काच साफ करतो" म्हणून बोटाएवढा देतात, तो हातभर होतो आणि साफ करण्यापेक्षा घाण जास्त करतो. मग मोठा झाला की लोक नदीत सोडून येतात, पुण्य केल्याच्या समाधानात. हा दक्षिण अमेरिकेतला मासा, अंगावर चिलखतासारख्या हाडांच्या पट्ट्या, तो आता पश्चिम बंगाल, आंध्र, केरळच्या पाण्यात पसरलाय, मासेमारांची जाळी फाडतोय. गोदावरीत कुणी सोडू नका, हात जोडून सांगतो. दुकानात परत द्या, कुणाला मोठी टाकी असेल त्याला द्या.

फायटर माशाचं अजून वाईट. तो हवेतून थेट श्वास घेऊ शकतो म्हणून डबीतसुद्धा काही दिवस जिवंत दिसतो आणि लोकांना वाटतं त्याला एवढीच जागा लागते. मागच्या वर्षी एका वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून प्रत्येक मुलाच्या हातात फायटर असलेला प्लॅस्टिकचा डबा दिला. वीस मुलं, वीस मासे. माझी मुलगी तो डबा दोन्ही हातांनी धरून घरी आली आणि दारातच म्हणाली, "बाबा, आपली टाकी तयार आहे, बाकीच्यांची कुठे आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध १९६० चा जो कायदा आहे त्यात माणूस सोडून कुठलाही सजीव म्हणजे प्राणी असं म्हटलंय, मासाही त्यात आला. नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात किंवा भांड्यात प्राणी ठेवणं हाही त्यात गुन्हा आहे. चार लिटरचा बाऊल यात बसत नाही का, हे जाणकारांनी सांगावं. पण कायद्याच्या आधीही दुकानदार एवढं करू शकतात, प्रत्येक माशाच्या टाकीवर चिठ्ठी लावा, मोठा झाल्यावर केवढा होतो, किती लिटर लागतं, किती डिग्री लागतं. आणि नवी टाकी घेणाऱ्याला त्याच दिवशी मासे देऊ नका, तो महिन्याने परत येईल, आणि त्याचे मासे जगले तर पुढची दहा वर्षं येत राहील. आणि आपल्या पुरवणीलाही विनंती, बाऊलमधल्या माशाचा फोटो परत छापू नका.

आमचा उरलेला एक गोल्डफिश अजून आहे, आता माझ्या तळहाताएवढा झालाय, त्याच्यासाठी चार फुटी टाकी केली. तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागच्या महिन्यात समोरच्या बिल्डिंगमधल्या आठवीतल्या एका मुलाला दिला. त्याच्या टाकीत अजून एकही मासा नाही, नुसतं पाणी, खडी आणि फिल्टर, रोज चिमूटभर खाऊ टाकतो आणि वहीच्या मागच्या पानावर अमोनियाचे आकडे लिहितो. काल संध्याकाळी वही घेऊन धावत आला होता, काका, आज नळीतलं पाणी पिवळं राहिलं.

आपला,
एक वाचक
अंबड, नाशिक