एकल माता विद्यार्थिनीचे कुटुंब स्वतंत्र धरावे

महोदय,

लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या आणि पुढे नवरा वारल्यामुळे किंवा त्याने टाकून दिल्यामुळे लेकरू घेऊन माहेरी आलेल्या मुली आज मराठवाड्यातील महाविद्यालयांत सर्रास भेटतात. आईवडील सहा महिने ऊसतोडीला जाणार, मागे वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, या काळजीपोटी बीड-परभणीकडे मुलींची लग्ने लवकर उरकली जातात आणि विशी-बाविशीत त्यांच्यापैकी कितीतरी जणींवर नव्याने उभे राहण्याची वेळ येते. अशा मुलींनी पुन्हा शिकावे असे शासनालाही वाटते, याबद्दल मला शंका नाही, कारण त्यांच्या उपयोगाच्या योजना थोड्याथोडक्या नाहीत. मी स्वतः परित्यक्ता असून सहा वर्षांच्या मुलीला सोबत ठेवून एम. ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकते आहे. या योजनांचे अर्ज करताना प्रत्येक ठिकाणी एकच अडचण आडवी आली. मी आणि माझी मुलगी मिळून एक कुटुंब आहोत, ही साधी गोष्ट सरकारी कागदावर कोठेच मांडता येत नाही.

याची सुरुवात रेशनकार्डापासून होते. लग्नानंतर माझे आणि पुढे मुलीचे नाव सासरच्या कार्डावर चढले. माहेरी आल्यावर ते नाव कमी केल्याचा दाखला सासरच्या तालुक्यातून आणायचा होता आणि मूळ कार्ड सासऱ्यांच्या ताब्यात होते. ज्या घराने आम्हाला बाहेर काढले, त्याच घराने कागद काढून द्यावा अशी ही पद्धत आहे. आधार एका कार्डाला जोडलेले असल्यामुळे दुसऱ्या कार्डावर नाव घेता येईना आणि तोपर्यंत आम्हा दोघींच्या वाट्याचे माणशी पाच किलो धान्य तिकडेच उचलले जात राहिले. अखेर गावातील जाणत्या माणसांनी मध्यस्थी केल्यावर नाव कमी झाले. तेव्हा स्वतंत्र कार्ड मागितले, तर ‘भावाच्या कार्डात नाव घाला, लवकर होईल’ असा सल्ला मिळाला आणि तो मी मानला. त्या दिवसापासून भावाचे उत्पन्न हे माझे उत्पन्न ठरले.

वडील हयात नाहीत. भावाकडे सातबाऱ्यावर चार एकर कोरडवाहू जमीन आहे, त्यात सोयाबीन आणि कापूस. त्याला स्वतःची दोन मुले आहेत आणि त्याने आम्हाला ज्या मायेने सांभाळले, त्याचे मोल मी करू शकत नाही. परंतु उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चौकशी झाली तेव्हा कुटुंबप्रमुख म्हणून त्याचे नाव लिहिले गेले, त्याच्या पिकाचा अंदाज धरला गेला आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी मी अपात्र ठरले. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रियांना आधार देणारी ही योजना १९८० पासून चालू आहे, तीत दरमहा १,५०० रुपये मिळतात, मात्र त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. मजुरी करून पोट भरणाऱ्या कोणत्या घराचे उत्पन्न खरोखर इतके कमी असते? जिच्याकडे खरा दाखला आहे ती बाहेर राहते आणि जिला २१,००० च्या आतला दाखला ‘मिळवून’ देणारा कोणी भेटतो तिचे काम होते, हे तहसीलच्या आवारात अर्ध्या दिवसात कळते. गरजू स्त्रीला खोटे बोलायला लावणारी ही अट बदललीच पाहिजे.

जुलै २०२४ पासून मिळणाऱ्या लाडकी बहीण योजनेच्या लाभाची रक्कमही तेवढीच, १,५०० रुपये आहे आणि तिची उत्पन्नमर्यादा मात्र अडीच लाख आहे. एका वेळी दोन्ही लाभ घेता येत नाहीत, हे योग्यच आहे. पण निराधारांसाठी असलेल्या योजनेची मर्यादा सर्वसाधारण योजनेच्या मर्यादेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असावी, याला काय आधार आहे? शिवाय २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा पतीचे किंवा वडिलांचे आधार मागण्यात आले. पुढे विधवांना मृत्यूचा दाखला आणि घटस्फोटितांना न्यायालयाचा आदेश सादर करण्याची सवलत मिळाली. जिचे वडील वारले आहेत, नवरा जिवंत असूनही वर्षानुवर्षे फिरकलेला नाही आणि ज्या घटस्फोटासाठी वकिलाची फी परवडत नाही तो झालेलाच नाही, अशा परित्यक्तेने कोणता कागद जोडायचा?

विद्यापीठाच्या पातळीवरही हेच चालते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आईवडील हयात आहेत का, ते काय करतात, हे विचारले जाते, पण विद्यार्थिनीला स्वतःला अपत्य आहे का, हे सांगण्याची जागा मला कोठे सापडली नाही. मुलींच्या वसतिगृहात लेकराला घेऊन राहता येत नाही, म्हणून बाहेर खोली घ्यावी लागते. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेल्या स्वाधार योजनेत छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरासाठी वर्षाला ५१,००० रुपये मिळतात आणि त्यांपैकी निवासाचे १५,००० असतात, म्हणजे महिन्याला १,२५० रुपये. माझ्या वर्गातील एक मैत्रीण या योजनेवर आपल्या मुलाला सांभाळून शिकते. भोजनाची रक्कम एका पोटाची असते आणि खाणारी तोंडे दोन असतात. तिच्या मुलाची अंगणवाडी सुटते तेव्हा आमचा दुसरा तास चालू असतो, त्यामुळे ती रोज तास अर्धवट सोडून उठून जाते आणि शिष्यवृत्तीसाठी लागणाऱ्या ७५ टक्के हजेरीची धास्ती तिला वर्षभर असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना पत्र पाठवून विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजेचे आणि हजेरीतील सवलतीचे नियम करण्यास सांगितले होते. मूल जन्मल्यानंतरची वर्षे त्याहून अवघड असतात, त्यांचा विचार कोणी करायचा?

मुलाला सोबत ठेवू देणे अशक्य आहे, असेही नाही. नोकरदार महिलांसाठी असलेल्या केंद्राच्या ‘सखी निवास’ योजनेत १८ वर्षांपर्यंतच्या मुलींना आणि १२ वर्षांपर्यंतच्या मुलग्यांना आईसोबत राहता येते. विद्यापीठाच्या वसतिगृहात तळमजल्यावरच्या चार खोल्या आणि एक पाळणाघर एवढी सोय झाली, तरी कित्येकींचे शिक्षण मध्येच सुटणार नाही.

कोरोनाने ज्यांचे पती गेले, त्या स्त्रियांसाठी राज्याने २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’ सुरू करून तालुका पातळीवर समन्वय समित्या नेमल्या होत्या. निरनिराळ्या खात्यांच्या योजना एकाच ठिकाणी जुळवून देण्याची ती कल्पना होती आणि ती सर्व एकल मातांना लागू करता येण्यासारखी आहे. माझी महसूल विभागाला आणि मराठवाड्यातील विद्यापीठांना विनंती अशी की, शिकणारी एकल माता माहेरी राहत असली तरी ती आणि तिचे मूल हे स्वतंत्र कुटुंब धरावे, तिच्या नावाने रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला द्यावा, कमवा व शिका योजनेतील मानधन त्या उत्पन्नात मोजू नये आणि परित्यक्ता असल्याबाबत स्थानिक चौकशीचा दाखला सर्व खात्यांनी ग्राह्य मानावा. निराधार योजनेची २१,००० रुपयांची मर्यादा तर तातडीने वाढवायला हवी.

माझ्यासारख्या ज्या विद्यार्थिनी हे पत्र वाचतील, त्यांना एक सांगावेसे वाटते. महिला व बालविकास विभागाच्या बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या मुलाला वयाच्या १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करावा लागतो, गृहभेट होते आणि बालकल्याण समिती आदेश देते. ही योजना मला दुसऱ्या वर्षात आल्यावर एका अंगणवाडी सेविकेकडून कळली, विद्यापीठातील एकाही सूचनाफलकावर तिचा उल्लेख मी पाहिलेला नाही. येत्या प्रवेशाच्या वेळी प्रत्येक महाविद्यालयाने तिची माहिती फलकावर लावावी.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी, जि. बीड
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)