फोन माझ्या हातातच राहू दे

परळ, मुंबई

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः टाइप केलंय. चार दिवस लागले. त्यातली अख्खी एक दुपार ‘आशीर्वाद’ या एका शब्दात गेली. दर वेळी ‘आशीरवाद’ व्हायचं. आईने पोराला आशीर्वाद द्यायचा आणि तोही चुकीचा, हे मनाला पटेना. शेवटी तिसऱ्या मजल्यावरची नववीतली पोरगी म्हणाली, “आजी, आधी र, मग पाय मोडायचं चिन्ह, मग व.” मी र लिहिला, त्याचा पाय मोडला, व दाबला, आणि रफार आपसूक उडी मारून व च्या डोक्यावर जाऊन बसला. मग मी तो शब्द पाच-सहा वेळा पुसला आणि पुन्हा लिहिला, नुसता तो रफार चढताना बघायला.

बाबा होते तोवर बँक, वीजबिल, गावची तिकिटं, सगळं त्यांच्या फोनवर व्हायचं. मला माझा बटणांचा फोन पुरत होता. ते गेल्यावर तू हा नवा फोन आणलास, दोन दिवसांत त्यात सगळं घालून दिलंस आणि बंगळुरूला गेलास. त्यानंतर तू जेव्हा जेव्हा घरी आलास आणि मी काही विचारलं, तेव्हा तू म्हणालास, “दे इकडे, करून देतो.” तुझी बोटं इतकी भरभर चालतात की मला दिसतं ते फक्त झालेलं काम. ते कसं झालं, हे कळायच्या आत फोन माझ्या हातात परत आलेला असतो. तू मायेनेच करतोस, मला ठाऊक आहे. पण तू गेलास की मी होते तिथेच.

ही पोरगी शिकवताना दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहते. मी कितीही चुकले तरी फोनला हात लावत नाही. माझं बोट काचेवर फार वेळ दाबलेलं राहायचं आणि भलतीच यादी उघडायची. ती म्हणायची, “टेकवा आणि उचला, आजी, दाबू नका.” ही सवय कुठली, ते मला लगेच कळलं. टेलिफोन खात्यात असताना ट्रंक बोर्डावर, म्हणजे बाहेरगावचे कॉल हाताने जोडायच्या फळीवर, कॉर्डचा प्लग जॅकमध्ये पुरता बसेपर्यंत रेटावा लागायचा. अर्धवट बसला की लाइनवर खरखर. इतकी वर्षं बोटांनी तेच केलं, ती सुटायला पंधरा दिवस लागणारच.

तुझ्या जन्माआधी काही वर्षं मी १९७ वर होते, नंबर विचारायला लोक फोन करत तिथे. कुणाला नाव माहीत असायचं आणि आडनाव नाही. कुणी म्हणायचं, “ते दादरला फूल मार्केटच्या मागे हाडांचे डॉक्टर आहेत ना, त्यांचा द्या.” कुणी रडत असायचं. आम्ही डिरेक्टरीची पानं उलटत, उलटसुलट विचारत नंबर काढून द्यायचो. एवढ्या वर्षांत एकदाही मी कुणाला “एवढंही कळत नाही का” म्हटलं नाही. म्हणून गुगलमध्ये पहिल्यांदा माइकचं चित्र दाबून मराठीत बोलले, “गुडघ्याला सूज आली तर चालावं का?” आणि खाली उत्तरांची रांग लागली, तेव्हा मला परकं वाटलं नाही. वाटलं, पलीकडे आपल्याच खात्यातलं कुणीतरी बसलंय. फरक एवढाच की आम्ही एक नंबर द्यायचो आणि तो बरोबर असायचा. इथे दहा मिळतात, त्यातला बरोबर कुठला हे विचारणाऱ्याने ठरवायचं. औषध विकणाऱ्याचं पान कोणतं आणि रुग्णालयाचं कोणतं, हे मी आता आधी बघते.

हे सगळं चालतं कसं, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा आमच्या कँटीनमध्ये त्यावर पुष्कळ बोलणं झालं होतं, पण मी कानाआड केलं. आता वाचलं. ट्रंक कॉल लागला की मुंबई ते नागपूर अख्खी लाइन त्या दोघांसाठी अडून राहायची, तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये बोलायचो. इंटरनेटमध्ये कुणासाठीच अशी लाइन अडवत नाहीत. मजकुराचे तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता आणि क्रमांक असतो, ज्याला जी वाट मोकळी मिळेल तिने तो जातो आणि पलीकडे सगळे क्रमाने जुळतात. व्हिडिओ कॉलवर तुझा चेहरा थिजतो तेव्हा मी आता घाबरत नाही, तुकडे वाटेत रखडलेत एवढंच. आणि परदेशाशी होणारी बहुतेक देवघेव समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून होते. त्यातल्या कितीतरी केबल आपल्या वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात. बाबांबरोबर तिथे मासळी घ्यायला किती वेळा गेले असेन. पायाखाली काय चाललंय याची कल्पनाच नव्हती.

आता एक गोष्ट, जी तुला सांगितली नव्हती. श्रावणात एका संध्याकाळी मेसेज आला, बिल भरलेलं नाही, रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरावर बोला. मी घरात एकटी. फोन केला. माणूस मराठीत, अगदी अदबीने बोलत होता. दहा रुपये भरा म्हणजे खातं अपडेट होईल म्हणाला आणि एक लिंक पाठवली. मी त्यात कार्डाचा नंबर भरला. होय, भरला. मग म्हणाला, “मावशी, आता सहा आकड्यांचा नंबर आला असेल, तो वाचून दाखवा, लवकर.” आणि माझं तोंड बंद झालं. काही लोकांचे नंबर डिरेक्टरीत छापलेले नसायचे. ते कुणी कितीही गयावया केली, कितीही घाई केली तरी सांगायचे नाहीत, हा आमचा पहिला नियम. ती घाई मी ओळखली. फोन ठेवला, बँकेला फोन करून कार्ड बंद केलं, मग १९३० वर कळवलं. पैसे गेले नाहीत. पण रात्रभर हात थंड होते. तुला सांगितलं असतं तर तू हा फोनच बंद करायला लावला असतास, या भीतीने गप्प राहिले. कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. खालच्या मजल्यावरच्या दोघी येऊन ते उतरवून घेऊन गेल्या.

बाकी बरंच जमतं. डोंबिवलीला मावशीकडे जायचं तर एम-इंडिकेटर या गाड्यांच्या वेळा सांगणाऱ्या अ‍ॅपमध्ये परळहूनच सुटणारी कल्याण लोकल बघून निघते, खिडकी मिळते. आणि वाईचा मराठी विश्वकोश! १९७६ साली पहिला खंड आला, तेव्हापासून तुझ्या आजोबांना ते खंड घरात हवे होते. पैसे कधी जमले नाहीत, जमले तर ठेवायला जागा नव्हती. तो सगळा आता फोनमधून माझ्या उशाशी असतो. रात्री झोप लागेना की कुठलंही अक्षर उघडते. परवा ‘दीपगृह’ वाचलं, काल ‘धनेश’. आजोबांची फार आठवण येते तेव्हा.

आता तुझ्याकडे मागणं. नोव्हेंबरमध्ये पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा आहे. दर वर्षी बाबा मला बँकेत घेऊन जायचे, गेल्या वर्षी तू नेलंस, अर्धा दिवस गेला. आता तो फोनवर चेहरा दाखवून देता येतो. दोन अ‍ॅप लागतात, ती मी घेऊन ठेवली आहेत. आधार नंबर, पेन्शनचा कागद आणि पासबुक एका पिशवीत घालून कपाटात वरच्या खणात ठेवलंय. दिवाळीला येशील तेव्हा जेवण झाल्यावर, खिडकीपाशी उजेड असतो तेव्हा, माझ्याशेजारी खुर्ची घेऊन बस. मी करेन. चुकले तर तोंडाने सांग. दोनदा सांगावं लागलं तर दोनदा सांग. हात तेवढे मांडीवर ठेव.

सूनबाईला आणि चिमणीला आशीर्वाद. थंडीचे कपडे आणू नका, इथे लागत नाहीत.

तुझी,
आई