नव्या केंद्रप्रमुख मैत्रिणीस

पाटण,
28 मे 2025

प्रिय मंगल,

तुझा फोन आला तेव्हा मी एस.टी.त उभी होते, त्यामुळे धड अभिनंदनही करता आलं नाही. आता सुट्टीत निवांत बसून करते. केंद्रप्रमुख झालीस, फार बरं वाटलं. वीस-बावीस वर्षं वर्गात घालवलेली बाई त्या खुर्चीत बसणार, याचा तुझ्या केंद्रातल्या शाळांना उपयोगच होईल.

तू विचारलंस की जूनमधली पहिली शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, तुझ्या अंगावर आहे, विषय आहे डिजिटल साधनं आणि शिक्षकांचं शिकणं, तर काय घेऊ? आणि "तू मोबाइलवर काहीतरी करतेस म्हणे, ते काय?" असंही. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

डी.एड.चं पहिलं वर्ष आठव. सूक्ष्म अध्यापन. पाच-सहा मिनिटांचा पाठ, एका वेळी एकच कौशल्य: आज प्रस्तावना, उद्या प्रश्न, परवा फलक लेखन. समोर मुलांऐवजी आपणच छात्राध्यापिका बसायचो, मागे एकजण निरीक्षण तक्ता भरायची, मग प्रत्याभरण, म्हणजे काय जमलं काय नाही ते सांगणं, मग पुन्हा पाठ. तू माझ्या तक्त्यात सगळीकडे "उत्तम" लिहायचीस आणि मी तुझ्या. ही पद्धत 1963 च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाली आणि तिथे शिक्षकाला स्वतःचा पाठ चित्रफितीवर दाखवायचे, हे मला अगदी अलीकडे कळलं. आपल्याकडे पद्धत आली, कॅमेरा आला नाही. जो भाग खरा शिकवणारा होता तोच गळला आणि तक्ते तेवढे उरले. आज तो कॅमेरा आपल्या प्रत्येकीच्या पर्समध्ये आहे. आणि आपण त्यावर काय करतो? माहिती भरतो, फोटो अपलोड करतो, लिंक उघडतो.

लिंकवरचं सगळंच वाईट असतं, असं मी म्हणणार नाही. 2017 च्या शिक्षक दिनाला दीक्षा हे सरकारी शिक्षण पोर्टल सुरू झालं, पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आले, त्याचा मला फायदा झाला आहे. परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी आपल्या जिल्हा परिषद शाळेत क्यूआर कोड वापरून जे केलं, त्याची दखल 2020 मध्ये जगाने घेतली. ग्लोबल टीचर प्राइजचं दहा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं आणि त्यातलं अर्धं त्यांनी बाकीच्या अंतिम स्पर्धकांना देऊन टाकलं. आपल्यासारख्याच शाळेतला माणूस आहे हा, मला त्याचा अभिमान वाटतो. पण कोरोनाच्या काळात निष्ठा या सरकारी ऑनलाइन शिक्षक-प्रशिक्षणाचे 18 कोर्स आपण कसे पूर्ण केले ते तुलाही माहीत आहे. चूल एकीकडे, व्हिडिओ एकीकडे, शेवटी प्रश्नमंजूषा आणि प्रमाणपत्र. काही कोर्समधला मजकूर खरोखर चांगला होता. तरी त्यातलं माझ्या वर्गात काय उतरलं, असं कुणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं, कारण माझ्या वर्गात मी कशी शिकवते हेच मी कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी जानेवारीत ते पाहिलं. खरं तर ऐकलं. चौथीला अपूर्णांक घेत होते. आमची शाळा द्विशिक्षकी, तिसरी-चौथी माझ्याकडे एकत्र. तिसरीला लेखन दिलं, मोबाइल खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, व्हॉइस रेकॉर्डर चालू केला आणि शिकवायला लागले. संध्याकाळच्या गाडीत कानाला इअरफोन लावून ऐकलं. पस्तीस मिनिटांत मी एक्केचाळीस प्रश्न विचारले होते. बहुतेकांची उत्तरं एका शब्दाची, आणि बरीचशी माझी मीच दिलेली. ते ऐकतानाच जीव कसनुसा झाला, पण त्याहून वाईट पुढे होतं. फळ्यावर वर्तुळाचे चार भाग करून मी विचारलं, "यातला एक भाग म्हणजे किती?" मागून एका मुलीचा बारीक आवाज आला, "चतकोर." आणि त्यावर माझा आवाज, "हं, अजून कोण सांगेल?" मग एकाने "एक चतुर्थांश" म्हटलं, मी "शाब्बास" म्हटलं आणि पुढे गेले.

मंगल, ती मुलगी वर्गात फारशी बोलत नाही. त्या दिवशी बोलली, अचूक बोलली, आणि मला ते वर्गात ऐकूसुद्धा आलं नाही. एस.टी.त ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी मी डब्यातली भाकरी काढली आणि तिलाच पुढे बोलावलं. चतकोर कसा करतात ते तिने करून दाखवलं. अर्धी, मग अर्ध्याची अर्धी. मी विचारलं, या चतकोराचे पुन्हा दोन केले तर? ती म्हणाली, "आमची आजी त्याला नितकोर म्हणते." वर्ग एकदम जागा झाला. एक अष्टमांश त्या दिवशी मला शिकवावाच लागला नाही. चतकोर मोठा की नितकोर, हेही सगळ्यांना पाठ न करता कळलं. एरवी आठ मोठा म्हणून एक अष्टमांश मोठा, असं निम्मा वर्ग म्हणतो.

तेव्हापासून मी पंधरा दिवसांतून एकदा स्वतःचा पाठ ऐकते. वरच्या वस्तीवरच्या शाळेतले एक सर आणि खालच्या गावातल्या एक बाई, असे आम्ही तिघं मिळून करतो. शनिवारी दुपारी शाळा सुटली की भेटतो. सगळी फीत कुणी ऐकवत नाही. ज्याची त्याने निवडलेली पाच-सहा मिनिटं. आणि एका वेळी एकच गोष्ट पाहायची, सूक्ष्म अध्यापनात होतं तसंच. पहिले दोन महिने आम्ही फक्त थांबणं मोजलं. प्रश्न विचारल्यापासून मी पुढचं बोलेपर्यंत किती वेळ जातो? घड्याळ लावून मोजलं तर एक सेकंद, कधी तेवढाही नाही.

हे आपल्यापुरतं नाही बरं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी 1970 च्या आसपास विज्ञानाच्या तासांच्या शेकडो ध्वनिफिती ऐकून हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात. तो वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात, मुलं स्वतः प्रश्न विचारतात. त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर होता, आपल्याकडे मोबाइल आहे, एवढाच फरक. तीन सेकंद म्हणायला किती थोडे वाटतात! पण वर्गात थांबून बघ. हाताला काहीतरी चाळा लागतो, जीभ शिवशिवते. मी आता प्रश्न विचारला की पायाच्या अंगठ्याने जमिनीवर तीनदा दाबते, मनात मोजत. वर्षभरात जमू लागलं आहे, अजून पुरतं अंगवळणी पडलेलं नाही.

दुसरी गोष्ट फळ्याची. जपानमध्ये शिक्षक एकमेकांचे पाठ मिळून आखतात, एकजण शिकवतो, बाकीचे वर्गात बसून मुलांकडे बघतात आणि नंतर चर्चा करतात. शंभर वर्षांहून जुनी रीत आहे. तिथे तासभर फळा पुसत नाहीत म्हणे. पाठ कुठून निघून कुठे पोचला, मुलांची कोणती उत्तरं आली, हे शेवटी एकाच फळ्यावर दिसायला हवं. ते वाचल्यावर मी तास संपताना फळ्याचा एक फोटो काढायला लागले. महिन्याभराचे फोटो सरकवून पाहिले तर सगळ्या फळ्यांवर माझीच वाक्यं होती, मुलांचं एकही नाही. आता फळ्याची उजवी बाजू मुलांची. चुकलेलं उत्तरसुद्धा तिथे लिहायचं, पुसायचं नाही.

शिकवण्यासाठीची ॲप्स या सगळ्यानंतर येतात, असं माझं मत झालं आहे. कोलोराडो विद्यापीठाचं फेट हे संकेतस्थळ तुला मागे सांगितलं होतं, त्यातली गणित-विज्ञानाची सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर हात लावून करायचे प्रयोग, फुकट आहेत, बरीचशी मराठीतही आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की नेट नसताना चालतात, म्हणून आमच्यासारख्या ठिकाणी सोयीची. अपूर्णांकांचं एक मी टॅबवर घेतलं. मुलं रमली, मी खूश. वस्तीवरचे सर त्या दिवशी मागे बसले होते. ते म्हणाले, "बाई, मुलं विचार करत नव्हती. जुळेपर्यंत नुसती बोटं सरकवत होती." त्यांचं बरोबर होतं. पुढच्या वेळी आधी पाटीवर अंदाज लिहायचा, मग टॅबला हात लावायचा, असं केलं आणि तोच खेळ वेगळा झाला. हे मला कुठल्या कोर्सने सांगितलं नसतं. मागे बसलेल्या माणसाने सांगितलं.

आता तुझ्या परिषदेचं. एकच कळकळीने सांगते: यातलं काहीही मागवू नकोस. "प्रत्येकाने आठवड्याला एक फीत ग्रुपवर टाकावी" असं एकदा म्हटलंस की संपलं. मग शिक्षक उत्तम पाठ बसवून घेतील, मुलांकडून पाठ करून घेतील, आणि आपण पुन्हा एकमेकींच्या तक्त्यात "उत्तम" लिहिणाऱ्या पोरी होऊ. फीत शिक्षकाची. ती ऐकवायची की पुसायची हे त्याने ठरवायचं. मुलांचे आवाज असतात त्यात, कुणी चुकलेलं असतं, कुणी अडखळलेलं असतं. ते व्हॉट्सॲपवर फिरता कामा नये. आम्ही तिघं ऐकून झालं की पुसतो, आणि पालक सभेत आधी सांगून ठेवलं होतं. एक छोटी गोष्ट: फोन एरोप्लेन मोडवर टाकून रेकॉर्ड करायला सांग. मधेच फोन येत नाही, आणि रेंज तशीही लागत नाहीच.

मग परिषदेत करायचं काय? तू शिकव. ज्या शाळेत परिषद असेल तिथल्या मुलांना सकाळी एक पाठ घे, साधा, रोजच्यासारखा. तो रेकॉर्ड कर आणि दुपारी सगळ्यांसमोर त्यातली पाच मिनिटं ऐकव. तू किती सेकंद थांबलीस ते त्यांनाच मोजू दे. केंद्रप्रमुखबाई स्वतःचा अडखळलेला पाठ ऐकवताहेत म्हटल्यावर निदान दोघं-तिघं घरी जाऊन स्वतःचा ऐकतील. सगळे नाही ऐकणार. दोघं-तिघं पुष्कळ झाले, आम्हीही तिघंच आहोत.

आणि तुझ्या हातात आता थोडी सत्ता आहे म्हणून एक मागणं. 2020 च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला 50 तास व्यावसायिक विकासाला द्यावेत असं म्हटलं आहे. आमचे शनिवारचे दोन-दोन तास त्यात कुठेच मोजले जात नाहीत, कारण त्याचं प्रमाणपत्र नाही. मला प्रमाणपत्र नको आहे. पण खालच्या गावातल्या त्या बाई लहान मूल घरी ठेवून येतात, त्यांच्यासाठी तरी ते तास कुणीतरी मोजायला हवेत. तुझ्या स्तरावर काय करता येईल ते बघ. वर बोलायची वेळ आली तर बोल, तुला बोलता येतं.

त्या मुलीचं राहिलं. गेल्या जूनमध्ये ती पाचवीला गेली, म्हणजे आमच्या शाळेतून खालच्या गावात, त्या बाईंच्याच वर्गात. मी त्यांना तिच्याबद्दल फक्त एवढंच सांगितलंय, की ती हळू बोलते, थांबावं लागतं.

तुझा पाठ झाला की फोन कर, रविवारी कर म्हणजे मी गाडीत नसेन. भाऊजींना नमस्कार, लेकीला दहावीच्या निकालाबद्दल शाब्बासकी.

तुझी,
सुनंदा