रणगाडाभेदी तोफगोळा आणि आपली आयुधनिर्माणी

महोदय,

भद्रावतीजवळच्या आमच्या वावरात पऱ्हाटी वेचताना चांदा आयुधनिर्माणीतून परतणारे कामगार दिसतात, म्हणून हा विषय आम्हाला दूरचा वाटत नाही. रणगाड्याचे चिलखत समोरून जाड, पण छताला पातळ असते. जर्मनीचा १५५ मिलिमीटरचा ‘स्मार्ट’ गोळा नेमका याचाच फायदा घेतो: त्यातून आकाशात सुटलेले दोन उपगोळे पॅराशूटने गरगरत उतरताना इन्फ्रारेड व रडार संवेदकांनी रणगाडा हेरतात आणि वरूनच भेदतात. आपल्या लष्कराकडचे अमेरिकी बनावटीचे एक्सकॅलिबर तोफगोळे जीपीएसने ठरलेल्या जागी पडतात. धावत्या रणगाड्यावर त्यांचा उपयोग मर्यादितच. गोळ्यात दारू भरण्याचे कसब आमच्या या निर्माणीकडे आहे, अडते ते संवेदकापाशी, कारण तोफेतून सुटतानाचा प्रचंड झटका सोसून तो शाबूत राहावा लागतो. असे गोळे आयात करण्याच्या जोडीने अशा संवेदकाच्या संशोधनालाही सरकारने भरीव निधी द्यावा.

एक शेतकरी, ता. भद्रावती, जि. चंद्रपूर