नावाआधी उंची बघ

प्रिय नंदू,

पत्र पोचलं. आल्प्सला स्कीइंगला जायचं ठरलंय आणि पैशाची काळजी नाही, तर नावाला भुलण्याआधी गावाची उंची बघ. ग्श्टाड श्रीमंतांचं जुनं लाडकं गाव, पण उंची जेमतेम 1,050 मीटर. किट्झब्यूल तर 760च्या आसपास. हवा जरा उबदार झाली की तिथे खालच्या उतारांवर बर्फाऐवजी पाऊस. झरमॅट 1,600च्या वर आहे आणि तिथली केबल कार 3,883 मीटरपर्यंत नेते. वरच्या हिमनदीवर उन्हाळ्यातही स्कीइंग चालतं. मात्र पेट्रोलच्या गाड्यांना गावात बंदी. टॅश इथे गाडी ठेवून शेवटची बारा मिनिटं रेल्वेने जायचं.

सेंट मॉरिट्झही चांगलं उंच आहे, पण तिथे येणारे सगळेच स्कीइंगला येत नाहीत. फेब्रुवारीत गोठलेल्या तळ्यावर घोड्यांच्या शर्यती होतात, त्या बघायला आणि स्वतःला दाखवायला येणारेही पुष्कळ.

तुला रोज भरपूर उतरायचंय, तेव्हा माझं मत फ्रान्समधल्या कूर्शवेलला. त्रोआ व्हाले या जोडलेल्या खोऱ्यांत मिळून 600 किलोमीटरचे उतार आहेत. पण फसगत होते ती इथेच. सगळ्यात वरच्या, महागड्या भागाला पूर्वी कूर्शवेल 1850 म्हणत. 2011 मध्ये उंचीचा म्हणून लावलेला तो आकडा नावातून काढला, आता नुसतं कूर्शवेल म्हणतात. ल प्रा हाही कूर्शवेलचाच भाग, पण 1,300 मीटरवर. म्हणून हॉटेलवाल्याला सरळ विचार: दारातून स्की घालून निघता येतं का, आणि संध्याकाळी दारापर्यंत उतरता येतं का? ‘लिफ्टपासून (उताराच्या माथ्यावर नेणाऱ्या पाळण्यापासून) पाच मिनिटं’ म्हणजे जड बूट घालून, खांद्यावर स्की घेऊन पाच मिनिटं.

तिथल्या छोट्या विमानतळाच्या मोहात पडू नकोस. धावपट्टी 537 मीटर, चढ साडेअठरा टक्के. विमान चढावर उतरतं आणि उतारावरून उडतं. उतरताना चुकलं तर पुन्हा वर घेऊन फेरी मारायला जागा नाही, त्यामुळे वैमानिकाला वेगळी परवानगी लागते. ढग आले की सगळंच थांबतं. जिनिव्हाहून मोटारीनेच जा, फक्त शनिवार टाळ. त्या दिवशी सगळ्यांचे मुक्काम बदलतात आणि घाटात रांगा लागतात. फेब्रुवारीत फ्रेंच शाळांना सुट्ट्या. त्यापेक्षा जानेवारीचा मध्य बरा.

बूट भाड्याने घेताना घाई करू नकोस. मोजा एकच, पातळ. ताठ उभं राहिलास की बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवले की मागे सरली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. बकल आवळून ते भागत नाही, नुसता पाय बधिर होतो. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारा खटका, किती घट्ट ठेवायचं ते वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुझी तयारी यांवरून ठरतं. तिथे ‘मला चांगलं येतं’ अशी फुशारकी मारलीस तर ते जास्त घट्ट बसवतील, पडल्यावर स्की सुटणार नाही आणि गुडघा पिळवटेल. वजनही खरंच सांग. तू दोन-चार किलो कमी सांगतोस, मला ठाऊक आहे!

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय