मॅलोच्या वाघिणी

कॉर्क, आयर्लंड
१८ जानेवारी

ती. आबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, कामावरून आल्यावर रात्री उशिरापर्यंत टेबलाशी बसून तू करतेस तरी काय? तेव्हा आवाज तुटत होता म्हणून नीट सांगता आलं नाही. मी मालगाडीच्या वाघिणी बनवते आहे, आबा. चार चाकांच्या, तळहातावर मावतील एवढ्या. आणि त्या साखर कारखान्याला माल पोचवणाऱ्या वाघिणी आहेत, म्हणून हे सगळं तुम्हाला सविस्तर लिहायचंच होतं.

इथे ऊस होत नाही. इथली साखर बिटाची. आपल्या कोशिंबिरीतलं लाल बीट नव्हे. हे पांढरट, खाली निमुळतं होत गेलेलं आणि चांगलं वजनदार. स्वतंत्र आयर्लंडमधला पहिला कारखाना १९२६ साली कार्लोला निघाला. १९३४ मध्ये मॅलो, थर्ल्स आणि ट्यूम इथे आणखी तीन उभे राहिले. पावसाळी, चिखलाच्या दिवसांत बीट उपटायचं आणि जानेवारीपर्यंत कारखाना रात्रंदिवस चालवायचा. म्हणजे तुमचा गळीत हंगाम ऐन भरात असायचा, त्याच महिन्यांत यांचाही. पुढे ट्यूम आणि थर्ल्स बंद पडले, २००५ मध्ये कार्लो गेला आणि २००६ मध्ये शेवटचा मॅलोही. युरोपीय संघाने साखरेचं धोरण बदललं आणि ऐंशी वर्षांचा धंदा या देशातून पार उठला. मॅलो इथून रेल्वेने अर्ध्या तासावर आहे. तुम्ही जन्मभर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलात, तुम्हाला एका कारखान्यामागे किती गावं उभी असतात ते सांगायला नको.

शेवटच्या वर्षांत वेक्सफर्डकडचं बीट वेलिंग्टनब्रिज नावाच्या छोट्या स्टेशनात भरायचे. तिथून गाडी बॅरो नदीवरचा लांबलचक पूल ओलांडून वॉटरफर्ड, मग लिमरिक जंक्शन करत मॅलोला यायची. आता त्या पुलावरून प्रवासी गाडीसुद्धा जात नाही. ती २०१० मध्ये थांबली.

या वाघिणी मला का आवडल्या ते सांगते. रेल्वेने त्या नव्या घेतल्याच नाहीत. पन्हळी पत्र्याच्या जुन्या उघड्या वाघिणी होत्या, त्यांच्या दोन पेट्या एकीवर एक चढवून खालच्या सांगाड्यावर बसवल्या. तेवढ्याच लांबीत दुप्पट माल! बाजूने पाहिलं की मधोमध सांधा स्पष्ट दिसतो. ज्या कुणी हे डोकं लढवलं, त्याला आपल्या कारखान्यातल्या फिटरलोकांनी लगेच आपला म्हटलं असतं.

इथे आयरिश रेल्वेची मॉडेल करणारे पुष्कळ आहेत आणि बहुतेकांचा जीव इंजिनांवर. ते साहजिक आहे. ‘मेव्ह’ नावाचं हिरवं इंजिन १९३९ साली डब्लिनच्या इंचिकोर कारखान्यात बांधलं, पुराणातल्या राणीचं नाव आणि पाटीवर जुनी आयरिश अक्षरं. ते आज बेलफास्टजवळ कल्ट्राच्या संग्रहालयात दिमाखात उभं आहे. कॉर्क स्टेशनातच १८४० च्या दशकातलं ३६ नंबरचं इंजिन ठेवलंय, येता-जाता दिसतं. इंजिनांना अशी छपरं मिळतात. शेतातला चिखल अंगावर घेऊन धावलेली वाघीण मात्र भंगारात जाते. मला वाटतं, जिला कुणी जपणार नाही तिचं मॉडेल आधी व्हायला हवं, आणि ते इंचन्‌इंच बरोबर व्हायला हवं.

आता ‘बरोबर’ म्हणजे काय, तर पहिला प्रश्न गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा. आपल्या मिरजेला ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज असे तिन्ही रूळ एका जंक्शनात होते, ते तुम्ही लहानपणी मला हाताला धरून दाखवले होतेत. इथेही सुरुवातीला असाच गोंधळ होता. डब्लिनहून किंग्स्टाउनला १८३४ मध्ये निघालेल्या पहिल्या रेल्वेचं गेज चार फूट साडेआठ इंच, उत्तरेतल्या अल्स्टर रेल्वेचं सहा फूट दोन इंच. शेवटी वेगवेगळ्या मापांच्या मधलं पाच फूट तीन इंच हे सगळ्यांना लागू केलं. आपल्या ब्रॉडगेजपेक्षा तीन इंच कमी, इंग्लंडपेक्षा साडेसहा इंच जास्त.

मी करते त्या प्रमाणात एका फुटाला चार मिलिमीटर. म्हणजे रुळांमधलं अंतर २१ मिलिमीटर हवं. दुकानात तयार मिळतो तो रूळ साडेसोळा मिलिमीटरचा. बरेच जण त्यावरच आयरिश गाड्या चालवतात आणि त्यात गैर काही नाही. रूळ, रूळ बदलायचे काटे, चाकं सगळं आयतं मिळतं. पण गाडी समोरून पाहिली की चाकं पोटाखाली ओढून घेतल्यासारखी दिसतात. मी २१ च धरले. त्यामुळे लांब आसांची चाकजोडी शोधावी लागते, स्लीपर एकेक चिकटवून त्यावर रूळ हाताने टाकावा लागतो, दर दोन बोटांवर माप लावून बघावं लागतं. हे काम मला फार आवडतं. सिरिल फ्राय नावाचे गृहस्थ इंचिकोरमध्ये नोकरीला होते, त्यांनी रेल्वेच्या मूळ आराखड्यांवरून हाताने गाड्या घडवल्या. त्यांचा संग्रह डब्लिनजवळ मॅलहाइडला आहे. तो पाहिल्यापासून मला वाटतं, करायचं तर असंच करायचं.

पेटी पातळ प्लास्टिकच्या पत्र्याची. रंग आधी तपकिरी, त्यावर सुक्या ब्रशने गंज, आणि खाली चाकांपाशी मातीची खडू-पूड. खरा पेच पडला तो मालाचा. पाऊण फुटाचं बीट या मापात फक्त तीन मिलिमीटरचं होतं. त्यासाठी मोहरी घेतली तर गुळगुळीत, धणे फारच गोल. मग आईने पाठवलेला मेथीचा डबा उघडला. आबा, खरंच सांगते, मेथीचा दाणा म्हणजे हुबेहूब बीट! तोच फिका पिवळट रंग, तसाच वेडावाकडा आकार. फोमच्या तुकड्यावर फेविकॉल लावून त्यावर एका थराने दाणे पसरले, वाळल्यावर मातकट रंगाचा पातळ हात दिला. आमच्या इथले एक रिटायर्ड गार्डकाका, ज्यांनी या गाड्यांबरोबर रात्री काढल्या आहेत, त्यांनी भिंग लावून बघितलं आणि विचारलं की हे आणलंस कुठून. आईला सांगा, आणखी अर्धा किलो लागेल. बारीक दाण्याची, जुनी असली तरी चालेल.

तुमच्याकडूनही एक हवंय. वाघिणी झाल्या की भरण्याची जागा करणार आहे. फोटोंमध्ये ट्रॅक्टर दिसतात, पण जमीन नीट दिसत नाही. हंगामाच्या मध्यावर वजनकाट्याच्या आणि ऊस टाकतात त्या गव्हाणीच्या आसपासची जमीन कशी व्हायची ते आठवून लिहा. चाकोऱ्या किती खोल पडायच्या, सांडलेला माल कुठे साचायचा, पाणी कुठे तुंबायचं, माणसं पाय टाकायला कुठली वाट धरायची. ऊस असो की बीट, जड गाड्या चिखल सारख्याच तुडवत असणार. सुरेशदादाला सांगून एक चित्र काढून पाठवलंत तर फारच उत्तम.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर आणून घ्या, अंगावर काढू नका. आईस नमस्कार, पोरांना पापा.

तुमची,
शुभांगी