बचत अहवालात, वाफ छपरावर

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: सांडपाण्यातील उष्णता परत मिळवणारं युनिट व रोलर इस्त्रीचे स्टीम ट्रॅप यांबाबत तक्रार, तसेच आपला बचत अहवाल अमान्य असल्याबाबत

महोदय,

चार महिन्यांपूर्वी आपण आमच्या लाँड्रीत सांडपाण्याची उष्णता ताज्या पाण्याला देणाऱ्या हीट एक्स्चेंजरचं युनिट बसवलं आणि त्याच कामात रोलर इस्त्रीचे स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफ अडवून तिचं झालेलं पाणी तेवढं बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह, बदलून दिले. गेल्या आठवड्यात आपला ऊर्जा बचत अहवाल आला. गॅसमध्ये २० टक्के बचत साध्य झाली, आता शेवटचा हप्ता द्यावा, असं त्यात लिहिलंय. तो वाचत होतो तेव्हा समोरच्या खिडकीतून बॉयलर रूमचं छप्पर दिसत होतं. बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीड टँकच्या व्हेंटमधून, म्हणजे हवा जाण्याच्या नळीतून, पांढऱ्या वाफेचा झोत सरळ वर चालला होता. आपलं काम होण्याआधी तिथे हलकीशी धूसर रेघ दिसायची, तीही थंड सकाळी.

आधी हे स्पष्ट करतो की कल्पनेबद्दल माझी तक्रार नाही. धुण्याचं ४५ अंशांचं पाणी गटारात सोडायचं आणि शेजारीच २० अंशांचं ताजं पाणी गॅस जाळून तापवायचं, हा शहाणपणा नव्हेच. हजार लिटर पाणी २० वरून ३८ अंशांवर फुकट आलं, तर साधारण २१ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता वाचते. हा हिशेब आपल्या विक्री प्रतिनिधीने आमच्याच फळ्यावर मांडला होता आणि तो बरोबर आहे. बिघडलंय ते त्यानंतरचं सगळं.

आपण दिलेला एक्स्चेंजर प्लेटांचा आहे आणि दोन प्लेटांमधली फट तीन मिलिमीटर. आम्ही टॉवेल, चादरी आणि रुग्णालयाचे कपडे धुतो, हे ऑर्डरवर पहिल्याच ओळीत आहे. पाहणीला आलेले आपले गृहस्थ आमच्या नाल्याच्या जाळीपाशी उभं राहून फोटो काढत होते. त्या जाळीवर लवेचा, म्हणजे कपड्यांतून सुटलेल्या तंतूंचा, थर होता, तोही फोटोत आला असणारच. तरीही जे मॉडेल आलं ते स्वच्छ पाण्यासाठीचं.

गेल्या मंगळवारी युनिट उघडलं तेव्हा मी स्वतः हजर होतो. बोल्ट सोडून प्लेटा सरकवल्या. आत शिरणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी नमद्यासारखा राखाडी गोळा बसला होता. तो पिळला तर साबणाचं कोमट पाणी निघालं. आत एक शर्टाचं बटण, गॉजचे धागे आणि केसांचा गुंता. प्लेटांवर लवेचा ओला पापुद्रा चढलेला, नखाने सोलून निघेल असा. याआधीची सफाई फक्त तीन दिवसांपूर्वीच झाली होती. आपल्या माहितीपत्रकात सफाई 'वर्षातून एकदा' लिहिली आहे. इथे तिसऱ्या दिवशी दोन माणसं दोन तास अडकतात.

सफाईनंतर पहिल्या दिवशी ताजं पाणी ३७-३८ अंशांवर येतं. दुसऱ्या दिवशी ३० च्या आसपास. तिसऱ्या दिवशी २५ आलं तरी नशीब. म्हणजे २१ युनिटांच्या जागी सहाही हाती लागत नाहीत, आणि सांडपाण्याचा पंप मात्र तेवढीच वीज खातो. पाणी गार आलं की मशीनमध्ये वाफ जास्त वेळ सोडावी लागते. रुग्णालयाच्या करारानुसार आम्हाला ७१ अंश पूर्ण तीन मिनिटं टिकवावेच लागतात, त्यात काटछाट चालत नाही. ५२ मिनिटांचं चक्र त्यामुळे ५८ वर गेलंय.

यावर आपल्या सेवा विभागाचं लेखी उत्तर असं: 'आपल्या सांडपाण्याची गुणवत्ता यंत्राच्या मानकांनुसार नाही.' हे उत्तर मी आमच्या धुलाई विभागात वाचून दाखवलं. बराच वेळ हसत होते सगळे. लाँड्रीच्या सांडपाण्यात लव नसणार तर काय असणार?

आता इस्त्रीकडे येतो. खरं नुकसान तिथे आहे, आणि आपल्या अहवालाची गंमतही तिथेच आहे.

आमची दोन रोलची इस्त्री ८ बार दाबाच्या वाफेवर चालते, म्हणजे आत साधारण १७५ अंश. वाफ रोलला उष्णता देते, तिचं पाणी होतं आणि ते तळाशी साचतं. सायफनच्या नळीतून ते वर चढून ट्रॅपपर्यंत येतं. पण नळी स्वतः गरम रोलच्या आत असते. तिच्यात वाफेचा बुडबुडा अडकला की ट्रॅपला वाटतं वाफ पोचली, तो बंद होतो आणि मागे पाणी तुंबत राहतं. म्हणून अशा जागी अडकलेली वाफ जराशी सोडून देण्याची सोय असलेला फ्लोट ट्रॅप लावतात. आमचे जुने ट्रॅप तसेच होते. एक गळत होता हे खरं. आपण दोन्ही काढले आणि ती सोय नसलेले साधे ट्रॅप लावले.

दुसऱ्याच दिवशी पहिल्या रोलचं एक टोक गार पडलं. एका बाजूला पृष्ठभाग १६५ अंश, दुसऱ्या बाजूला १४०. चादरींची एक कड ओलसर निघायला लागली. वेग कमी करून पाहिला, तर ओल गेली पण उत्पादनही गेलं. आपले इंजिनिअर आले, त्यांनी ट्रॅपवर हात न ठेवता ट्रॅपला वळसा देणारा शेजारचा बायपास व्हॉल्व्ह दोन फेरे उघडला आणि 'झालं काम' म्हणून निघून गेले. रोल तापला हे कबूल. तापणारच, कारण आता ताजी वाफ त्यातून सरळ कंडेन्सेटच्या, म्हणजे वाफेच्या झालेल्या पाण्याच्या, पाइपात जाते. तिथून फीड टँकमध्ये, आणि टँकला जेवढी पचत नाही तेवढी व्हेंटवाटे छपरावर.

८ बारवरचं कंडेन्सेट मोकळ्या हवेत आलं की त्यातला साधारण १४ टक्के भाग पुन्हा वाफ होतो, तेवढी व्हेंटवर दिसणं समजू शकतो. इथे मात्र जिवंत, म्हणजे बॉयलरमधून आलेली न वापरलेली, वाफ चालली आहे. १०० अंशांच्या एक किलो पाण्याची वाफ करायला २२५७ किलोज्यूल लागतात. छपरावरून जाणारा प्रत्येक किलो एवढं घेऊन जातो, शिवाय आम्ही मऊ करून, औषध घालून घेतलेलं पाणीही.

आता अहवालाचं पान चार उघडा. 'फीड टँकचं तापमान ८० वरून ९५ अंशांवर. दर ६ अंशांमागे एक टक्का इंधन बचत, सबब अडीच टक्के बचत.' सहा अंशांना एक टक्का हा ठोकताळा आम्हीही वापरतो. पण तो तेव्हाच लागू पडतो, जेव्हा ती उष्णता एरवी वाया जाणारी असते. इथे टँक तापलाय तो आमच्याच बॉयलरमधून, आमचाच गॅस जाळून बनवलेल्या वाफेने. डाव्या खिशातले पैसे उजव्या खिशात टाकायचे, वाटेत थोडे सांडायचे आणि उजव्या खिशाची रक्कम कमाई म्हणून दाखवायची, अशातला हा प्रकार आहे. तेवढ्यावर भागत नाही. पाणी इतकं गरम झाल्यापासून फीड पंप आत खडे टाकल्यासारखा खडखडतोय. त्याचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक, गेला तर ते कोणाच्या खात्यावर, हेही कळवा.

अहवालातला बाकीचा मोठा आकडा युनिट सुरू केलं त्या दिवसाचा आहे. कोऱ्या प्लेटा, एकच बॅच, ३८ अंश. तोच ३०० दिवसांनी गुणलाय. आमच्याकडे गॅसचा मीटर आहे आणि रोज धुतलेल्या कपड्यांचं वजन आहे. काम होण्याआधी सुक्या कपड्याच्या किलोमागे ०.१६० घनमीटर गॅस लागायचा. आपल्या आश्वासनाप्रमाणे तो ०.१२८ व्हायला हवा होता. गेल्या महिन्याची सरासरी ०.१७२ आहे.

त्यातला काही वाटा दुबार धुण्याचा आहे, आणि तेही आपल्याच जोडणीमुळे. आपल्या माणसांनी मशीनच्या दोन्ही इनलेटना गरम टँकचंच पाणी जोडलं, वर त्या टँकचा थर्मोस्टॅट ५५ वर ठेवला. रक्ताच्या डागाला पहिलं पाणी थंड लागतं, गरम पाण्यात तो धाग्यात पक्का बसतो, हे लाँड्रीत पहिल्या आठवड्यात शिकवतात. दोन दिवस रुग्णालयाच्या चादरी तपकिरी डागांसह परत आल्या. काही तिसऱ्यांदा धुवूनही निघाल्या नाहीत, त्या रद्द केल्या. थंड पाण्याची लाइन शेवटी आमच्या फिटरने एका रात्रीत वेगळी केली.

एक गोष्ट अहवालात कुठेच नाही, कारण ती मीटरवर येत नाही. ट्रॅप बदलताना आपण व्हॉल्व्ह आणि फ्लँजवरचं इन्सुलेशन कापून काढलं. ते आजही भिंतीशी पोत्यात पडून आहे. ते उघडे तुकडे घडी घालण्याच्या टेबलापासून हातभर अंतरावर आहेत. तिथे पूर्वी ३४ अंश असायचं, आता दुपारी ३९ जातं आणि वरून चादरींची दमट हवा. मागच्या पंधरवड्यात घडी घालणाऱ्या एका बाईंना चक्कर आली. तेव्हापासून तिथे अर्ध्या तासाने माणूस बदलतो. खरं तर इन्सुलेशनचं काम अर्ध्या दिवसाचं आहे. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा 'माणूस पाठवतो' ऐकलं.

यापुढचं थोडक्यात. इन्सुलेशन आणि इस्त्रीचे योग्य ट्रॅप यांसाठी आम्ही सात दिवस थांबू. त्यानंतर दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च आपल्या बिलातून वळता करू. बायपास आम्ही उद्याच बंद करतोय, पहिला रोल तोवर उभा राहील. एक्स्चेंजर परत न्यावा आणि लवेच्या पाण्यासाठी बनवलेला, रुंद वाटेचा, आधी आपोआप साफ होणारी जाळी असलेला द्यावा. तसा आपल्याकडे नसेल तर तसं कळवून पैसे परत करावेत, आमची हरकत नाही. बचत मोजायचीच तर सलग ३० दिवस, आमच्या गॅस मीटरवर आणि किलोमागे मोजू. आपला माणूस सकाळ-संध्याकाळ नोंदी घ्यायला बसला तरी चालेल. शेवटचा हप्ता त्या नोंदींवर दोघांच्या सह्या झाल्यावर.

आणि येताना कृपया तेच इंजिनिअर पाठवू नका.

कळावे,

आपला,
व्यवस्थापक, धुलाई व बॉयलर विभाग

सोबत: उघडलेल्या एक्स्चेंजरचे तीन फोटो, चार महिन्यांच्या गॅस व वजनाच्या नोंदी, आपल्या अहवालाचं पान चार.